मदत हवी आहे: हळदीच्या प्रतवारीतल्या 'फेअर'ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. मिरज तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटासाठी हळदीच्या प्रतवारीचं माहितीपत्रक मराठीत करतोय. अ‍ॅगमार्कमध्ये (शेतमालाच्या सरकारी गुणवत्ता-प्रमाणनात) हळकुंडांच्या प्रती 'स्पेशल', 'गुड' आणि 'फेअर' अशा उतरत्या क्रमाने आहेत. पहिल्या दोन्हींना 'विशेष' आणि 'उत्तम' बसतात, अडलंय ते 'फेअर'पाशी.

शब्दकोशात रास्त, न्याय्य, गोरा, निरभ्र असे अर्थ मिळाले. 'फेअर प्राइस शॉप'ला 'रास्त भाव दुकान' चपखल बसतं, 'फेअर कॉपी'ला 'पक्की प्रत'. पण 'रास्त हळकुंड' कोण म्हणेल? इथे अर्थ 'चालण्याजोगा, उत्तमच्या खालचा' असा आहे, एवढं नक्की. 'साधारण' घेतलं असतं, पण हळकुंडांचा 'जनरल' हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला तोच शब्द आधीच वापरलाय. 'मध्यम' लिहिलं तर तीनमधली मधली प्रत वाटते, प्रत्यक्षात ती तिसरी. 'कनिष्ठ' मला पटत नाही. त्याने बरा माल उगाच हलका ठरतो, आणि सांगलीच्या यार्डात सौद्याला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला शब्दाचाही फटका बसतो.

देवनागरीत नुसतं 'फेअर' ठेवायचं नाहीये, कारण वाचणारे बरेचसे वयस्कर आहेत. शब्द तक्त्याच्या चौकटीत मावेल इतका लहान हवा.

शिवाय हमीभावाच्या खरेदीत 'फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी' (खरेदीला चालणारा सरासरी दर्जा) येतं, त्याचाही उल्लेख पत्रकात आहे. तिथला 'फेअर' आणि प्रतवारीतला 'फेअर' यांना एकच मराठी शब्द चालेल, की दोन वेगळे लागतील? आणि कोणते?