शब्दचर्चा: विषबाधा, अन्नबाधा की नुसतं ‘बाधलं’?

करवीर_अनुवाद
मंडळी, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय. मूळ मजकूर इंग्रजी, जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच सूत्रांवरचा: स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि माल चांगला वापरा. हे सगळं सरळ झालं, घोडं अडलंय पहिल्याच परिच्छेदात. तिथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू अन्नातून पोटात जाऊन आतड्यात वाढले ही एक, जंतूंनी अन्नातच विष करून ठेवलं आणि आपण ते विष खाल्लं ही दुसरी, आणि जंतू पोटात गेल्यावर तिथं विष सोडतात ही तिसरी. मी तिन्हीला ‘विषबाधा’ लिहिलं आणि मसुदा एका स्वयंपाकी मावशींना वाचून दाखवला, तर त्या तिथंच थांबवून म्हणाल्या, “आम्ही काय इख घालतोय व्हय पोरांच्या ताटात?”

मला त्यांचं म्हणणं पटलं. पेपरात ‘महाप्रसादातून विषबाधा’ आलं की गाव पहिल्यांदा विचारतं कुणी घातलं, भात घमेल्यात किती वेळ पडून होता हे कुणीच विचारत नाही. तीन शब्द हवेत, वाचता येतील असे, आणि त्यात विष घालणारा माणूस दिसायला नको.

शाहूपुरीकर
अन्नबाधा. पाचवीच्या पोराला पण कळेल.

जुनी_पेठ
विषबाधा या शब्दात दोष काहीच नाही हो. ‘बाध्’ हा संस्कृत धातू, अर्थ पीडा देणं, अडवणं. विषानं झालेली पीडा ती विषबाधा, त्यात कर्ता कुठं आहे? कुणी मुद्दाम घातलं तर त्याला आपल्याकडं ‘विषप्रयोग’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि दोन्ही नीट वापरले तर मावशींना राग यायचं कारणच नाही. बातमी लिहिणाऱ्यांनी शब्द भोंगळ वापरला म्हणून भाषेनं शब्द टाकून द्यायचा का?

करवीर_अनुवाद
काका, विषप्रयोग आणि विषबाधा यातला फरक तुम्हाला मला ठाऊक, पण पत्रक मावशींसाठी आहे.

टेंबलाई_टेकडी
कोण बोलतंय विषबाधा? आमच्यात सगळी ‘फूड पॉयझन झालं’ म्हणत्यात, डॉक्टर पण तेच म्हणतो, केसपेपरवर पण तेच लिहितो. लिहा की तसंच.

जुनी_पेठ
म्हणजे विष काढायला निघालो आणि पॉयझन आणून ठेवलं. अर्थ तोच राहिला आणि मराठी शब्द तेवढा गेला.

सई_सूक्ष्मजीव
मी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण इथं शब्द चुकला तर सल्लाही चुकतो.

‘विष’ काही ठिकाणी शंभर टक्के बरोबर आहे. स्टॅफिलोकॉकस हा जंतू माणसाच्या नाकात, कातडीवर, हाताच्या पिकलेल्या जखमेत असतो. तो बासुंदीत, खव्यात, क्रीममध्ये पडला आणि पदार्थ तास न् तास बाहेर राहिला तर तिथंच विष तयार करतो. 1930 मध्ये शिकागोत डॅक नावाच्या संशोधकांनी लोकांना आजारी पाडलेल्या केकमधून हा जंतू वेगळा केला, तो वाढवून जंतू गाळून काढले, उरलेलं पाणी स्वयंसेवकांना दिलं, आणि जंतू नसतानाही त्यांना उलट्या झाल्या. हे विष उकळून जात नाही. म्हणून ‘परत एक उकळी काढ, काही होत नाही’ हा घरोघरचा सल्ला इथं धोक्याचा आहे. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियसचं उलट्यांचं विष तर 121 अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. त्याचे बीजाणू, म्हणजे जंतूचं कवचात झोपलेलं चिवट रूप, भात शिजताना मरत नाहीत, भात कोमट झाला की जागे होतात.

साल्मोनेला या जंतूचं तसं नाही. तो जिवंत पोटात जावा लागतो, आतड्यात वाढतो, ताप येतो, बहुतेक वेळा 12 ते 72 तासांनी. आणि अन्न आतपर्यंत 70 अंशांच्या वर नीट शिजलं की तो मरतो. इथं विषबाधा म्हणणं चूक, हा संसर्ग आहे.

तिसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. हा आपल्या कोल्हापूरला जवळचा, कारण याला लागतो मोठ्या हंड्यातला मटणाचा रस्सा. उकळताना रश्श्यातली हवा निघून जाते, याला हवा नकोच असते, बीजाणू उकळीत तगतात, हंडा रात्रभर हळूहळू निवतो आणि साधारण 43 ते 45 अंशांवर हा दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. विष मात्र पोटात गेल्यावर सोडतो. हा रस्सा जेवायच्या आधी रटरटून उकळला तर जंतू मरतात, म्हणजे इथं उकळीचा उपयोग आहे. पत्रकात तिन्ही एका शब्दात कोंबले तर उकळी कुठं कामाची आणि कुठं नाही हे मावशींना कधीच कळणार नाही.

आक्का_गगनबावडा
सई बाळ, छान लिहिलंस. पण आमच्या घरात यातलं काहीच म्हणत नव्हते. ‘काहीतरी बाधलं’ एवढंच. दही बाधलं, ऊन बाधलं, लग्नातलं जेवण बाधलं. आणि पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्या घराला ढाळ लागले की ‘मोडशी झाली’. हे शब्द बायकांना आधीपासून येतात, नवीन कशाला घडवायचे? ‘अन्न बाधतं ते का’ असं मथळा देऊन लिही.

सई_सूक्ष्मजीव
आक्का, ‘बाधलं’ मला फार आवडतो, पण एक भीती वाटते. ‘मला वांगं बाधतं’ म्हणताना दोष माझ्या पोटाचा असतो. एकाच पंगतीतली चाळीस पोरं आजारी पडली आणि आपण ‘बाधलं’ म्हणालो तर ते त्यांच्या प्रकृतीवर जातं, भाताकडं परत कुणी बघत नाही. विषबाधेत दोष स्वयंपाकिणीवर जातो, बाधण्यात खाणाऱ्यावर, दोन्हीकडं जंतू सुटतो.

पन्हाळगड_वारा
‘बाहेरची बाधा’ विसरलात काय? भूतबाधा, दृष्टबाधा, सगळं त्याच घरातलं. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे, पुढचं गाव तो आणखी पुढं ढकलायचं. आजार बाहेरून येतो आणि हद्दीबाहेर घालवता येतो ही समज ‘बाधा’ शब्दात अजून आहे असं माझं ठाम मत आहे.

जुनी_पेठ
भूतबाधेचा संबंध उगाच. पाणिनीच्या धातुपाठात बाध् आहे, तिथं भूत नाही.

सई_सूक्ष्मजीव
पटकीचा विषय निघालाच आहे तर सांगते, कॉलराचा, म्हणजे पटकीचा, जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनी 1884 मध्ये कोलकात्यात ओळखला, पण तो माणूस मारतो कसा हे सिद्ध व्हायला 1959 उजाडलं. तेही कोलकात्यातच, शंभूनाथ डे यांनी केलं. सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडला आणि आतडं पाण्यानं फुगलं. जंतू नाही, नुसतं त्याचं विष. आपल्या माणसानं साध्या सामानात केलेला इतका मोठा शोध, आणि आपल्या शाळेत त्याचं नावसुद्धा येत नाही.

इंग्रजीतही शब्द आधी चुकलेलाच होता. 19व्या शतकाच्या शेवटी ‘टोमेन पॉयझनिंग’ म्हणायचे, ग्रीक शब्द प्रेतावरून, सेल्मी नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं केलेला. समज असा की अन्न सडताना विष तयार होतं. मग 1888 मध्ये जर्मनीत गेर्टनरना गायीच्या मांसात आणि ते खाऊन मेलेल्या माणसात एकच जंतू सापडला आणि त्या समजाला धक्का बसला. शब्द मात्र पुढं कितीतरी वर्षं चालत राहिला.

आक्का_गगनबावडा
मग सडलेलं कळतं कसं? आम्ही तर वास घेऊन सांगतो, आमटी विटली की टाकली.

सई_सूक्ष्मजीव
आक्का, तिथंच फसगत होते. वास आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. विटलेलं टाकायचंच, पण ‘विटलं नाही म्हणजे चांगलं आहे’ हे खरं नाही. स्टॅफिलोकॉकसच्या विषाला ना वास ना चव. म्हणून पत्रकात नाकापेक्षा घड्याळ आलं पाहिजे: शिजलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर 5 च्या खाली.

पन्हाळगड_वारा
‘विटणे’ काय सुंदर शब्द आहे पण. रंग विटतो, मन विटतं, आमटी विटते. माझ्या मते हा विटाळातूनच आलाय, जे शिवू नये ते विटलेलं.

जुनी_पेठ
विटाळ आणि विटणे यांचा नुसत्या आवाजावरून संबंध लावू नका. कापडाचा रंग विटतो तेव्हा त्याला कुणी शिवत नाही असं आहे काय? तेज कमी होणं हा मूळ अर्थ धरला तर रंग, मन आणि आमटी तिन्ही बसतात.

टेंबलाई_टेकडी
आमच्या घरात आता पोरं दूध ‘फाटलं’ म्हणायला लागल्यात, लई डोकं फिरतंय. दूध नासतं, कापड फाटतं.

शाहूपुरीकर
हिंदीचा परिणाम. पण लोक म्हणतायत म्हणजे मराठी झालं की ते. पन्नास वर्षांनी ‘नासलं’ कुणाला कळणार पण नाही.

जुनी_पेठ
तुम्ही आणि मी म्हणत राहिलो तर कळेल. आणि ‘धारोष्ण’ कोण म्हणतं अजून? गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून फेसासकट पेला हातात देतात, त्याला याच्यापेक्षा नेमका शब्द जगात नसेल.

सई_सूक्ष्मजीव
शब्द नेमका आहे काका, आणि तो कट्टा ही कोल्हापूरची शान आहे हे मी पण मानते. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होतो, 1905 मध्ये माल्टात झमिटना तो शेळ्यांत सापडला, दुधावाटे माणसांत येतो हे तिथूनच उलगडलं. लहान पोरांना आणि गरोदर बायकांना तरी तापवून द्या. 72 अंशांवर 15 सेकंद एवढं पाश्चरीकरणाला पुरतं, घरी एक उकळी काढली की झालं.

टेंबलाई_टेकडी
आमच्या आज्यानं जन्मभर धारोष्ण प्यालं, नव्वदीपर्यंत तालमीत जात होता. दुधाला नावं ठेवायची नाहीत.

करवीर_अनुवाद
मंडळी, माझे तीन शब्द राहिले. सध्या ‘जंतुसंसर्ग’, ‘अन्नात तयार झालेलं जंतूंचं विष’ आणि ‘पोटात तयार होणारं जंतूंचं विष’ असं लांबलचक लिहिलंय. मथळ्यात ‘अन्नबाधा’ ठेवू का?

शाहूपुरीकर
मी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं.

जुनी_पेठ
ठेवू नका. अन्नबाधा म्हणजे अन्नानं पीडा दिली, आणि अन्न हे पूर्णब्रह्म. दोष जंतूचा असेल तर सरळ ‘जंतुबाधा’ म्हणा. आणि कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडच्या लोकांनी एक सांगा, आमटीला तार सुटते तेव्हा तुमच्यात विटली म्हणतात, नासली म्हणतात की आणखी काही?

हिरण्यकेशी
गडहिंग्लजला आमच्या घरी आमटी विटते, भात आंबतो, दूध आणि अंडं नासतं, शेंगदाणं खवट होतं, आंबा उतरतो. तार सुटलेल्याला वेगळा शब्द माझी आई वापरायची, तिच्या बहिणीला विचारून लिहितो.