ट्रायपॉड सुचवा : बॉल हेड की थ्री-वे? (वाळू आणि खारं पाणी धरून)

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. कॅमेरा कॅनन २०० डी मार्क २, लेन्स १८-५५ आणि ५५-२५०. फोटो रोजचेच, सकाळची चिवला किनाऱ्यावरची रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं), जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला, पावसात वहाळ वगैरे.

आत्ताचा ट्रायपॉड दीड हजारवाला, हेड (वरचा कॅमेरा बसवायचा भाग) प्लॅस्टिकचं. ५५-२५० लावली की कितीही आवळा, हात काढला की लेन्सचं नाक खाली. परवा रापणीच्या वेळी पाण्याच्या कडेला लावला तर लाट आली आणि एक पाय रुतला, फोटोत समुद्र एका बाजूला सांडतोय, वर दोर ओढणारे काका ओरडले, "वायच बाजूक हो रे!" घाईघाईत उचलला आणि घरी बघतो तर नळ्यांत वाळू, खालची नळी आत जाईना, जोर लावला तर लॉकची खटकी तुटली. तेव्हा आता नवा घेणं आलंच.

बजेट हेडसकट ६-७ हजार, म्हणजे कार्बन फायबर विसरा, अॅल्युमिनियमच. स्कूटरवर आणि एसटीत न्यायचा आहे, त्यामुळे दुमडून दीड-पावणेदोन फूट व्हावा. दुकानदार म्हणतो बॉल हेडच (एका गोळ्यावर सगळीकडे वळणारं) घ्या, सगळे तेच घेतात. पण मला क्षितिज सरळ हवं असतं आणि बॉल सैल केला की सगळंच हलतं, मग थ्री-वे (तीन दिशांना तीन वेगळे दांडे) बरं का? पण त्याचे ते दांडे बॅगेत टोचणार. आणि लॉक फिरवायचे की खटकीचे? वाळूत टिकणारे कुठले?

प्रतिसाद :
तुझ्या कामाला बॉल हेडच घे, रापण थांबत नाही तुझ्यासाठी. फक्त खालचा पॅनचा (कॅमेरा आडवा फिरवायचा) स्क्रू वेगळा असलेलं बघ आणि प्लेट (कॅमेऱ्याखालची पट्टी) आर्का टाइप, बऱ्याच कंपन्यांच्या हेडना चालणारी घे, म्हणजे उद्या हेड बदललंस तरी चालेल. क्षितिजासाठी कॅमेऱ्यातली ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) लाव. किती वजन पेलतो तो आकडा डब्यावर फुगवून लिहितात, तुझं सामान किलोच्या आत आहे तरी ४-५ किलोवाला घे. लॉक फिरवायचे, कारण ते पूर्ण उघडून धुता येतात. आणि पाण्यात लावताना आधी सगळ्यात खालची बारीक नळी पूर्ण काढायची, म्हणजे सांधे वर राहतात. तू नक्की वरच्या जाड नळ्या आधी काढल्या असणार.

मूळ धागाकर्ता :
हो, तेच केलं होतं 😅 आणि धुवायचं कधी, घरी आल्यावर?

प्रतिसाद :
त्याच दिवशी, गोड्या पाण्याने, नळ्या उघडून. मग सावलीत वाळव, दुमडून ठेवू नको ओला. वारा असेल तर मधला दांडा वर काढू नको, बॅग खाली लटकव पण जमिनीला टेकलेली, नाहीतर तीच झोके घेते. लेन्सचं आयएस (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, २ सेकंदांचा टायमर.