फोन चार्जच होत नाहीये, सारखा ओलावा ओलावा करतोय. अर्जंट मदत हवी

खडपावरचा | १९ ऑगस्ट २०२५, सकाळी ९:४०
काल संध्याकाळपासून फोन चार्जिंगला लावला की स्क्रीनवर पाण्याचा थेंब येतो आणि पोर्टमध्ये ओलावा आहे केबल काढा असं सांगतो. फुंकून झालं, बायकोने पदराने पुसला, रात्रभर पंख्याखाली ठेवला, सकाळी परत तेच. बॅटरी ३१ टक्के. गणपती आठ दिवसांवर आलेत, बायको उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते त्या सगळ्या ह्याच फोनच्या व्हॉट्सॅपवर, पैसे पण ह्याच्यावरच. बाजारातला मोबाईलवाला म्हणतो बोर्ड बदलावा लागेल. लवकर सांगा कोणीतरी.

सोलकढी_डबल | ९:५२
फोन कुठला?

खडपावरचा | ९:५५
अँड्रॉइड

सोलकढी_डबल | ९:५८
अहो ते कळलं, कंपनी मॉडेल काय ते सांगा ना. टाइप-सी आहे का जुनी चपटी पिन? आणि पाण्यात पडला होता का?

दाभोळची_फेरी | १०:०६
तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा २४ तास. आमच्या हिचा फोन विहिरीवर बादलीत पडलेला, तांदळात ठेवला, अजून चालतोय.

मेल्या_ऐक | १०:११
खयचे तांदूळ पण? उकडे काय सुरय?

वायरमन_चिपळूण | १०:२५
तांदूळ नको. पीठ आणि कोंडा पोर्टात जाऊन बसतो, तो काढायला परत माझ्यासारख्याकडेच येता. ॲपलने तर २०२४ साली स्वतःच्या सूचनांमध्ये लिहिलंय तांदळात ठेवू नका म्हणून.

दाभोळची_फेरी | १०:३१
ह्यांचा ॲपल नाहीये, अँड्रॉइड आहे. वाचा नीट. आणि आमचा चालला त्याचं काय?

वायरमन_चिपळूण | १०:३७
तो तांदळात नसता ठेवला तरी चालला असता. २०२१ च्या पुरानंतर दोन महिने दुकानात भिजलेले फोनच उघडत होतो, त्यातले निम्मे तांदळात मुरवून आणलेले. पोर्टात गाळ आणि वर कणी.
खडपावरचा, तीन गोष्टी सांगा. केबल न लावता पण थेंब येतो का? दुसरी केबल लावून बघितली का? दिवसा कधी मधेच बरा होतो का?

घाटमाथा_सोडून | १०:४०
बॅटरी कायम २० ते ८० मध्ये ठेवावी. शंभर करू नये. आयुष्य वाढतं.

सोलकढी_डबल | १०:४२
त्यांची ३१ वरून वर जात नाहीये हो, शंभर कुठून करतील

खडपावरचा | ११:२०
लाईट गेलेली. टाइप-सी आहे. केबल दोन बदलल्या तेच. केबल काढली तरी थेंब दिसतो. सकाळी बायकोने चुलीशेजारी फळीवर ठेवलेला तेव्हा तासभर थेंब गेला, चार टक्के चार्ज पण झाला, मग बाहेर पडवीत आणला तर परत आला. पाण्यात पडलेला नाही.

वायरमन_चिपळूण | ११:३१
मग हे नुसतं पाणी नाही. मीठ आहे. पाणी उडून जातं, मीठ पिनांवर राहतं आणि हवेतला ओलावा ओढत बसतं, म्हणून चुलीजवळ बरा आणि पडवीत आजारी. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच. फोन बिचारा दोन पिनांमधून करंट पाझरतोय का एवढंच बघतो, त्याला पाणी आणि खारट ओल सारखीच. खरं सांगा, समुद्रावर नेलेला का?

मेल्या_ऐक | ११:३४
नाव बघा त्याचा. खडपावरचा. समुद्रार मासे गरवूक गेलेलो तो!

खडपावरचा | ११:४९
रविवारी गेलो होतो जरा. फोन खिशात होता, लाट अंगावर आली थोडी. पण फोन वॉटरप्रूफ आहे, खोक्यावर आयपी६७ लिहिलंय. आणि तेव्हा काही झालं नव्हतं, सोमवारी झालं.

मेल्या_ऐक | ११:५१
श्रावणात?? घरात मोदक नि हो खडपात गरी टाकून बसलोहा

खडपावरचा | ११:५३
मिळालं काहीच नाही

वायरमन_चिपळूण | १२:०२
आयपी६७ म्हणजे गोड्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास, तोही नव्या फोनला. समुद्राचा त्यात हिशोब नाही. त्याच दिवशी पोर्ट गोड्या पाण्याने हलकं धुवून सुकवलं असतं तर हे झालंच नसतं. ही माहिती आधी दिली असती तर दोन तास वाचले असते सगळ्यांचे.

हर्णैकर | १२:०८
फोन बंद करून लावा चार्जिंगला, होतो. मी तसाच करतो. सॅमसंग असेल तर सेटिंगमध्ये ॲप्स, तिथे सिस्टिम ॲप्स दाखवा करून यूएसबी सेटिंग्जचा कॅशे उडवा, थेंब गायब.

वायरमन_चिपळूण | १२:१५
कॅशे उडवून बघायला हरकत नाही, कधीकधी पोर्ट सुकलेलं असूनही इशारा अडकून बसतो. पण ह्यांचा चुलीजवळ जातो पडवीत येतो, म्हणजे इशारा खरा आहे. बंद करून लावू नका. मीठ, ओल आणि करंट एकत्र आले की पिना हिरव्या पडतात, मग खरंच पोर्ट बदलावं लागतं.

हर्णैकर | १२:१८
तीन वर्षं करतोय, काही हिरवं झालं नाही.

वायरमन_चिपळूण | १२:१९
टॉर्च मारून बघितलंत का कधी आत?

हर्णैकर | १२:४४
थोडं आहे.

लालपरी_ठाणे | १२:५०
माझा भाचा म्हणतो त्याप्रमाणे आधी ऑर्डरींचं बघा, फोन नंतर. चार्ज आहे तोवर व्हॉट्सॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस मधून मुलांचा लॅपटॉप जोडून घ्या, मग फोन बंद पडला तरी तिथे मेसेज येत राहतात, फक्त चौदा दिवसांच्या आत फोन परत चालू व्हायला हवा. चॅटचा बॅकअप पण घ्या. आणि पैसे यायला फोन चालू लागत नाही, क्यूआर कागदावर छापून ओट्यावर लावा, पैसे थेट खात्यात जातात. तो नुसता वाजत नाही एवढंच.

सोलकढी_डबल | १२:५५
हे खरं कामाचं. आणि फोनला वायरलेस चार्जिंग आहे का? असेल तर पोर्टाची गरजच नाही.

खडपावरचा | १:१०
वायरलेस म्हणजे ब्लूटूथवरून का

सोलकढी_डबल | १:१३
नाही हो, थाळीसारखा चार्जर येतो, फोन वर ठेवायचा. काही महाग फोन पाठीला पाठ लावून दुसऱ्याला पण चार्ज देतात. मुंबईहून कोणी चाकरमानी आला असेल तर विचारा.

दाभोळची_फेरी | १:२०
पोर्टात सॅनिटायझर घाला आणि सुईने खरवडा.

वायरमन_चिपळूण | १:२४
कृपा करून नको. सॅनिटायझरात पाणी आणि ग्लिसरीन असतं, चिकट थर बसतो. आणि टाइप-सीच्या मधल्या पट्टीला खाली वर बारा बारा पिना आहेत, सुई फिरली की संपलं. खडपावरचा, दुसऱ्या एखाद्या रिपेअरवाल्याकडे जा, त्याला म्हणा आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पोर्ट साफ करून दे, त्यांच्याकडे बाटली असतेच. फोन बंद, पोर्ट खाली, मऊ ब्रश, मग अर्धा तास सुकू दे. बोर्डाचा विषय काढला तर फोन उचला आणि निघा. आणि तुमच्या केबलची टोकं पण त्यालाच पुसायला सांगा, नाहीतर तेच मीठ परत आत.

पाचल_पुणे | १:४०
इनव्हर्टर घ्यायचाय, गावच्या घराला किती व्हीएचा पुरेल? फ्रिज आहे.

मेल्या_ऐक | १:४२
ह्येचो धागो येगळो काढ रे बाबा

खडपावरचा | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५
स्टँडजवळच्या पोराने केलं, शंभर रुपये घेतले. ब्रशला पांढरं पांढरं आलं आणि एका बाजूला थोडं हिरवं. काल रात्री पडवीत मुद्दाम ठेवला, थेंब आला नाही. आत्ता ८८. लॅपटॉप पण जोडला, मुलगी आता तिथूनच ऑर्डरी लिहून घेते आणि दोघी मायलेकी मला फोन परत देत नाहीयेत. वायरमन साहेब आभारी आहे.

वायरमन_चिपळूण | ६:३०
हिरवं होतं म्हणजे गणपतीनंतर एकदा परत दाखवा. जास्तीत जास्त पोर्टाची पट्टी बदलेल, बोर्ड नाही.

हर्णैकर | ६:४१
आयपीए ऑनलाइन मिळतं का?

लालपरी_ठाणे | ७:०५
आम्ही २५ ला रात्री पोचतोय, नांदगाव तिठ्यावर उतरणार. एकवीस मोदक हवेत चतुर्थीला. मिळतील का?

खडपावरचा | ७:१२
हिला विचारून सांगतो. नारळ महागलाय म्हणते.