'सोसायटी ऑफ द स्नो' : बेसिक कोर्सच्या मुलांना दाखवावा का?

पर्वतीपायथा :
आमच्या पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपमधली काही मुलं यंदा उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जाणार आहेत. त्याआधी त्यांना दिग्दर्शक बायोनाचा हा चित्रपट दाखवायचं चाललंय. उरुग्वेच्या तरुण रग्बी खेळाडूंना घेऊन चिलीला निघालेलं विमान १९७२ साली अँडीज पर्वतात कोसळलं, त्यावरचा. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, अडीच तास नुसतं रडणं आणि बर्फ. दुसरा म्हणतो, बर्फात जगायचं कसं याचा याहून चांगला धडा नाही. मला दोन्ही पटत नाही. विमान मुळात त्या डोंगरात शिरलंच कसं, हे चित्रपटात नीट कळत नाही. वाचलेल्यांचा विमानातला रेडिओ चालू करायचा उद्योग का फसला, तेही नाही. जाणकारांनी सांगा, यातलं खरं किती आणि शिकण्यासारखं किती? याच अपघातावरचा १९९३ चा जुना इंग्रजी चित्रपट 'अलाइव्ह' दाखवणं बरं का?

लोहगाव_धावपट्टी :
तुमची तक्रार रास्त आहे. अपघाताचं चित्रण अंगावर येतं, पण कारण दोन वाक्यांत उरकलंय. मुलांना आधी फळ्यावर नकाशा काढून दाखवा. विमान निघालं त्या अर्जेंटिनातल्या मेंडोसाहून चिलीतलं सांतियागो सरळ पश्चिमेला आहे, पण मधले डोंगर इतके उंच की भरलेलं फेअरचाइल्ड एफएच-२२७ त्यावरून निवांत जाऊ शकत नाही. म्हणून वाट वळशाची : दक्षिणेला मालार्ग्वे, तिथून पश्चिमेला प्लांचोन खिंडीवरून चिलीतलं कुरिको, मग उत्तरेला वळून सांतियागो. खाली ढग, त्यामुळे जमीन दिसत नव्हती. वेग आणि घड्याळ यांच्या हिशेबावरच स्थान ठरवायचं होतं, आणि समोरून जोरदार वारा होता. वारा समोरून असला की हवेतला वेग तोच राहतो, जमिनीवर कापलेलं अंतर मात्र कमी भरतं.

३ वाजून २१ मिनिटांनी सहवैमानिकाने प्लांचोन ओलांडल्याचं कळवलं. तिथून कुरिको साधारण ११ मिनिटांवर. त्याने तीनच मिनिटांनी कुरिको आल्याचं सांगितलं आणि उत्तरेला वळला. सांतियागोच्या नियंत्रकाने शंका न घेता खाली उतरायची परवानगी दिली. म्हणजे विमान अजून पर्वतरांगेतच होतं आणि ढगांतून खाली येत होतं. एकच चूक नव्हे, एकावर एक रचलेल्या चुका.

रेडिओचं उत्तर सोपं आहे. तुटलेल्या शेपटीत सापडलेल्या बॅटऱ्या २४ व्होल्ट डीसीच्या. रेडिओला हवा होता ११५ व्होल्ट एसी, जो विमान चालू असताना त्याच्या विद्युत यंत्रणेतून मिळतो. बॅटऱ्या जड म्हणून वाचलेल्या मुलांनी रेडिओच उपसून शेपटीपर्यंत नेला, वायरी जोडत कित्येक दिवस घालवले. जोडणी कितीही अचूक केली असती तरी तो बोलला नसता.

आणि विमानाचं धड वरून पांढरं होतं. शोध घेणाऱ्या विमानांना ते दिसणार कसं? आठ दिवसांनी शोध थांबवला, ही बातमी मुलांनी ट्रान्झिस्टरवर ऐकली.

हिमरेषा :
चित्रपट धडा म्हणून दाखवा, पण नक्कल करायचा धडा म्हणून नको. विमानातली ती मुलं समुद्रकाठच्या मोंटेव्हिडिओची, बहुतेकांनी तोवर बर्फ पाहिलेला नव्हता. त्यांनी केलेल्या गोष्टींपैकी काही अस्सल आहेत.

पाणी सगळ्यात आधी. त्यांच्यातल्या फितो स्ट्राउचने सीटच्या पाठीमागचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काढला, मधे पन्हळ राहील असा वाकवला, त्यावर बर्फाचा पातळ थर पसरून पत्रा उन्हाकडे कलता ठेवला आणि खाली बाटली. थर पातळच हवा, जाड टाकला की वरचं बर्फ ऊन परतवतं आणि खालचा पत्रा तापत नाही. बर्फ तसंच का खायचं नाही, याचा हिशेब मुलांकडून करून घ्या : एक किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी, ते पाणी अंगाच्या तापमानाला यायला आणखी ३७. दिवसाला तीन लिटर धरलं तर साडेतीनशे किलोकॅलरी नुसत्या पाण्यापायी, आणि तेही उपाशी शरीरातून. स्टोव्हवर वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी हवं, नाहीतर भांडं करपतं आणि पाण्याला जळकट वास येतो. ताजं भुसभुशीत बर्फ एक लिटर घेतलं तर पाणी जेमतेम १०० मिलि, तेव्हा घट्ट बसलेलं बर्फ कापून घ्यावं.

दुसरं, डोळे. वैमानिकाच्या खिडकीवरचे रंगीत व्हायझर कापून त्यांनी गॉगल केले. ताजं बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतं, आणि त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून पोरं गाफील राहतात. गॉगल हरवला तर पुठ्ठ्याला तीन-चार मिमीची आडवी फट पाडून बांधावा. बाजूही झाकायच्या, नुसती समोर काच असून भागत नाही.

झोपायची पिशवी हा माझा लाडका भाग. शेपटीकडचं उष्णतारोधक कापड तांब्याच्या तारेने शिवून तिघांची एक पिशवी केली. ती नसती तर १२ डिसेंबरला पार्राडो, कानेसा आणि विझिंटिन हे तिघं मदत आणायला निघूच शकले नसते. सीटच्या गाद्या पायाला बांधून बर्फावर चालणं मात्र दिसायला छान. गादी ओली झाली की वजन वाढतं आणि पाय उचलवत नाही.

चित्रपटावर माझा एकच राग आहे. सगळ्यात मोठी चढाई भराभर आटोपलीय. कॉकपिटमधला उंचीमापक ७,००० फूट दाखवत होता, खरी उंची ११,७०० फुटांच्या आसपास. त्यात मरणाऱ्या सहवैमानिकाचे 'कुरिको ओलांडलं' हे शब्द. म्हणून सगळ्यांना वाटलं, पश्चिमेचा डोंगर चढला की चिलीची हिरवी दरी. बुटाला बांधायचे खिळे (क्रॅम्पॉन) नाहीत, बर्फाची कुऱ्हाड (आइस अ‍ॅक्स) नाही, आणि माथ्यावर पोचायला तीन दिवस. वर पोचल्यावर समोर नुसते डोंगर. शिधा पुरावा म्हणून विझिंटिनला परत पाठवलं. पुढे दोघं, एकूण दहा दिवस. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर बंद पडलेलं एक हॉटेल होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दिशा चुकीच्या माहितीवर ठरते तेव्हा काय होतं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. दिग्दर्शकाने ते वाया घालवलंय.

रीळवाला :
हिमरेषा, असहमत. दहा दिवसांची चाल सविस्तर दाखवली असती तर दोन वीरांची गोष्ट झाली असती, आणि १९९३ चा 'अलाइव्ह' नेमका तिकडे झुकलाय. इथे कॅमेरा मुद्दाम विमानात राहणाऱ्यांबरोबर थांबतो. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढची ओळ सोडा.) गोष्ट सांगणारा नुमा तुर्काती ११ डिसेंबरला गेला, म्हणजे सुटकेची वाटचाल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. ४५ पैकी १६ वाचले. उरलेल्यांची नावं आणि वयं पडद्यावर येतात, त्यामागे हाच विचार आहे. वाचलेल्यांपैकी कार्लिटोस पाएझ स्वतः चित्रपटात आपल्या वडिलांच्या भूमिकेत आहेत आणि वाचलेल्यांची यादी वाचतात. ते ज्याला माहीत नाही त्याच्या नजरेतून तो प्रसंग निसटतो, तेव्हा आधी सांगून ठेवा.

दाखवताना : मूळ स्पॅनिशच लावा, खाली सबटायटल्स. प्रोजेक्टर 'व्हिविड' वर नको, बर्फाचे सगळे पोत जाऊन पांढरा चुना दिसतो. 'सिनेमा' मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, आणि खोली पूर्ण काळोखी, कारण रात्रीचे प्रसंग खूप अंधारे आहेत. आवाज हिमस्खलनाच्या प्रसंगावर बेतून लावा, संवादावर बेतला तर स्पीकर तिथे फाटतात.

सदाशिव१९ :
नेटफ्लिक्सचं खातं घरगुती वापरासाठी असतं. हॉल घेऊन, तिकीट लावून दाखवणार असाल तर आधी परवानगीचं बघा. बाकी चालू द्या.

पर्वतीपायथा :
तिकीट नाही हो, दहा-बारा जण, घरीच. धडावेगळी शेपटी आणि वाऱ्याचा हिशेब फळ्यावर घेतो. एक अडचण : मृतदेह खाण्याचा भाग. दोन पालक कुरकुरताहेत. तेवढा गाळू का?

नाडीपरीक्षा :
नको. तो वगळला तर बाकीचं सगळं खोटं वाटेल. ३,५७० मीटरवर झाड नाही, प्राणी नाही. विमानातल्या मुलांनी सीटच्या गादीत पेंढा मिळतो का तेही उकलून पाहिलं, बॅगांचं चामडं चघळलं. चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात, पोषण जवळजवळ शून्य. यकृतातला साखरेचा साठा दिवसभरात संपतो, मग शरीर चरबीबरोबर स्वतःचे स्नायूही जाळतं, थंडीत तर आणखी भराभर. चित्रपटात हे सगळं संयमाने येतं, कापाकापी समोर दाखवत नाहीत. पालकांना तो प्रसंग सांगा ज्यात ती मुलं एकमेकांना परवानगी देतात : मी मेलो तर माझं शरीर वापरा.

मध्यंतर घ्यायचंच असेल तर २९ ऑक्टोबरचं हिमस्खलन आणि बर्फाखाली गाडलेले ते तीन दिवस संपल्यावर घ्या. आठ जण त्यात गेले. छताला दांड्याने भोक पाडून हवा आत घेतली ते दृश्य झालं की थांबवा, आणि मुलांना विचारा : गाडलेल्या माणसाला किती वेळात उकरावं लागतं? उत्तर आहे पहिली दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते.