जाफना, १९९० ते ९५: वीज-पेट्रोल नसताना घरं कशी चालली?

प्रश्न: श्रीलंकेच्या यादवीत सरकारी नाकेबंदीमुळे जाफन्यात वीज, पेट्रोल, बॅटरी सेल काहीच मिळत नसे. लोक दिवे, रेडिओ, मोटरसायकली कशा चालवत? नेमकं तंत्र सांगाल का?

प्रतिसाद १: दिव्याला जॅमची बाटली. तळाशी कापूस, त्यात जिरेल एवढंच रॉकेल आणि सायकलच्या व्हॉल्व्हमधून ओवलेली बारीक वात. बाटली कलंडली तरी रॉकेल सांडत नाही. रेडिओला सायकलचा डायनॅमो: सायकल उलटी ठेवायची, एकानं पेडल फिरवायचं, बाकीच्यांनी बातम्या ऐकायच्या. डायनॅमो एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज देतो आणि रेडिओला एकाच दिशेची लागते, म्हणून मध्ये डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) हवेत.

प्रतिसाद २: मोटरसायकल रॉकेलवर. थंड इंजिनात रॉकेलची नीट वाफ होत नाही. म्हणून आधी पेट्रोलचे चार थेंब देऊन इंजिन तापवायचं, मग रॉकेल. प्लगवर काजळी धरते, तो सारखा घासावा लागतो. गाडी बंद पडून गार झाली की पुन्हा पेट्रोल, आणि तेच तर सोन्याच्या भावानं.

प्रतिसाद ३: बंकर विसरू नका. अंगणात खड्डा, वर ताडाची खोडं, त्यांवर मातीची पोती. तोंड काटकोनात वळवलेलं, कारण तोफगोळ्यांच्या किरच्या सरळ जातात. ऑक्टोबरपासूनच्या पावसात आत पाणी साचे, साप येत. त्याच पावसात, ३० ऑक्टोबर १९९५ ला, एलटीटीईच्या (तेव्हा जाफन्यावर ताबा असलेल्या तमिळ बंडखोर संघटनेच्या) हुकमावरून लाखो लोकांना घरं सोडावी लागली. नाकेबंदी सरकारची होती, पण बाहेर पडायला परवाना एलटीटीईचा लागे. तेही लिहिलं पाहिजे.