मदत हवी आहे: भाड्याच्या गाडीने रत्नागिरी ते हेदवी, एका दिवसात

येत्या कृष्ण पंचमीला रत्नागिरीहून सेल्फ ड्राइव्ह सेडान घेऊन सकाळी साडेसातला निघायचं आहे. रस्ता आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, मग फेरीबोटीने तवसाळ आणि पुढे हेदवी. गाडी रात्री नऊला परत द्यायची आहे.

वेळ बामणघळीवर, म्हणजे हेदवीच्या किनाऱ्यावरच्या खडकातल्या अरुंद भेगेवर, बेतली आहे. पाणी उसळतं ते भरतीला, ओहोटीला नुसती कोरडी भेग. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा ठोकताळा धरला तर पंचमीची पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे तीनपर्यंत हेदवीत हवं. पण मग जेट्टीवर अकरा-साडेअकराला पोचणार, तेव्हा पाणी बरंच खाली असेल. उतार जास्त, त्यात शेवाळ. बोटीच्या फळीवर चढताना सेडानचं नाक नाहीतर पोट घासतं, आणि तळाचं नुकसान बहुतेक करारांत आपल्याच डिपॉझिटमधून जातं. (पुळणीवर गाडी घालायची नाही हे ठरलेलंच आहे.)

तर विचारायचं असं:

जयगडच्या बाजूला ओहोटीत सेडान नीट चढते का, की तिरकी घ्यावी लागते? तवसाळला रिव्हर्स उतरवतात का?

परतीची शेवटची बोट हल्ली किती वाजता? चुकली तर आबलोली, भातगाव पूल, जाकादेवी असा फेरा आहे. अंधारात तिथे किती वेळ धरावा? रस्ता सध्या कसा आहे?

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या (म्हणजे सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या) गाडीला बोटीचं तिकीट वेगळं पडतं का?