पांडुरंग सांगवीकर आणि होल्डन कॉलफील्ड : दोघांचे एकटेपण एकच आहे का?

अनुवाचक (प्रश्न)

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आणि जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबऱ्या मी नुकत्याच लागोपाठ वाचल्या. पहिलीचा नायक-निवेदक पांडुरंग सांगवीकर, दुसरीचा होल्डन कॉलफील्ड. पांडुरंग आणि होल्डन यांची तुलना मराठीत पूर्वीही झालेली आहे; परंतु ती बहुधा निवेदनशैलीपाशी, म्हणजे त्या तिरकस, बोलक्या आणि स्वतःचीच टर उडवणाऱ्या भाषेपाशी येऊन थांबते. माझी शंका निराळी आहे. होल्डन न्यूयॉर्कमधील सुखवस्तू वकिलाचा मुलगा, पांडुरंग खानदेशातील एका खेड्यातल्या सधन शेतकऱ्याचा. एकाला घराबाहेर कोणी ओळखत नाही, तर दुसऱ्याला अख्खे गाव ओळखते. असे असताना दोघांचे एकटेपण एकाच जातीचे मानावे काय, की दोन वेगळ्या दुःखांना आपण वाचकच एक नाव देत आहोत?

पिंपळपार

प्रश्न चांगला आहे, कारण शैलीच्या चर्चेत या दोघांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मागे पडते: दोघांनीही एक लहान भावंड गमावलेले आहे. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने जातो, तेव्हा होल्डन अवघा तेरा वर्षांचा असतो. त्या रात्री तो गॅरेजच्या काचा मुठीने फोडतो, हाताला इजा होऊन रुग्णालयात पडतो आणि त्यामुळे भावाच्या अंत्यविधीलाही त्याला हजर राहता येत नाही. पांडुरंगची बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तेव्हा तो पुण्यात असतो. म्हणजे दोघांच्याही वाट्याला शेवटचा निरोप आलेला नाही, आणि पुढे जगाविषयी ते जे जे कडवटपणे बोलतात, त्याच्या तळाशी मला हा राहून गेलेला निरोप दिसतो.

येथून पुढे मात्र वाटा फुटतात. होल्डनच्या घरात ॲलीविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. आईची झोप उडालेली आहे, वडील कामात गुंतलेले आहेत आणि हा एका निवासी शाळेतून काढला गेला की दुसऱ्या शाळेत धाडला जातो. त्याचे दुःख ऐकायला माणूसच नाही, म्हणून तो टॅक्सीवाल्यांना तळ्यातली बदके हिवाळ्यात कुठे जातात ते विचारत सुटतो आणि अखेरीस न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालताना मेलेल्या भावालाच ‘मला नाहीसा होऊ देऊ नकोस’ असे विनवतो. पांडुरंगला माणसांची टंचाई कधीच नाही. वसतिगृहातील मित्र, मेसची जबाबदारी, वादविवाद मंडळ, गावी परतल्यावर नातलग आणि बाजूला बसून गप्पा हाणणारे बेकार तरुण, अशी सतत वर्दळ त्याच्याभोवती आहे. त्याची अडचण अशी, की या वर्दळीत प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवे असते आणि त्याला नेमके काय हवे आहे, हे कोणी विचारत नाही. मला स्वतःला हे दुसरे एकटेपण अधिक अवघड वाटते, कारण त्याची तक्रारही करता येत नाही. भरल्या घरातला मुलगा एकटा आहे असे म्हटले, तर लोक हसतील.

सायंतारा

वरील मताशी बरीचशी सहमत आहे, परंतु पैशाचा मुद्दा सुटला. होल्डनची आजी त्याला वर्षातून चार वेळा वाढदिवसाचे पैसे पाठवते, त्यामुळे तो हॉटेलात राहू शकतो आणि त्या पैशांचा हिशेब त्याला कोणी मागत नाही. पांडुरंग जे उधळतो ते वडिलांचे आहे, आणि त्या प्रत्येक रुपयामागे एक अपेक्षा आहे. म्हणून होल्डनचे भटकणे तीन दिवसांत आटोपते, तर पांडुरंगचे पुण्यातले अपयश वर्षानुवर्षे साचत जाते आणि पिता-पुत्रांमधल्या तेढीत उतरते.

अक्षरओढ

मला तुलनेतच एक अडसर दिसतो. होल्डनची खात्री आहे की सगळे जग खोटे आणि आपण तेवढे निराळे. त्याचे पूर्वीचे शिक्षक मिस्टर अँटोलिनी आपल्या घरी त्याला रात्री समजावतात, की माणसांच्या वागण्याने गोंधळलेला आणि उबगलेला तू काही पहिलाच नाहीस. तेव्हा होल्डनला जांभया येत असतात आणि थोड्याच वेळाने तो त्या घरातून पळही काढतो. याउलट ‘कोसला’ची अर्पणपत्रिकाच ‘शंभरातील नव्याण्णवांस’ अशी आहे. जी गोष्ट होल्डनला ऐकवत नाही, तीच गृहीत धरून पांडुरंगची कादंबरी सुरू होते. पांडुरंगला आपण आगळे आहोत हे समाधानही मिळत नाही. एकाचे एकटेपण निवडक असल्याच्या भावनेवर उभे आहे, दुसऱ्याचे सर्वसामान्य असल्याच्या जाणिवेवर. दोन्हींना एक म्हणणे मला पटत नाही.

अनुवाचक

सर्वांचे आभार. अक्षरओढ यांचा मुद्दा मला विशेष पटला, तरी त्यांचा निष्कर्ष मात्र पूर्णपणे स्वीकारता येत नाही. होल्डनजवळ फीबी आहे. ती दहा वर्षांची बहीण सूटकेस घेऊन त्याच्यासोबत निघायला येते, त्याच्यावर रुसते, आणि तिच्यामुळेच तो पश्चिमेकडे पळून जाण्याचा बेत सोडतो. म्हणजे गमावलेले भावंड एक आणि हाताला धरून थांबवणारे दुसरे, अशी त्याच्या कादंबरीत विभागणी आहे. ‘कोसला’मध्ये अशी विभागणी नाही, पांडुरंगचा जिच्यावर निरपेक्ष जीव होता, तीच गेलेली आहे. त्यामुळे निवडक आणि सर्वसामान्य हा भेद मला नंतरचा वाटतो. फीबीला वगळून होल्डनची कल्पना केली, तर तो सांगवीला, आपल्या गावी, परतलेल्या पांडुरंगच्या बराच जवळ येतो.

पिंपळपार

हे मान्य. फक्त एक लक्षात घ्यावे: निवेदन करताना होल्डन सतरा वर्षांचा आहे आणि पांडुरंग पंचवीस. फीबी असूनही होल्डन अखेर उपचारांसाठी कॅलिफोर्नियात जातो आणि पुढे शाळेत अभ्यास करशील का, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते. पांडुरंगच्या गावात असे विचारणारा डॉक्टर नाही. तेथे विचारणारे वडील आहेत आणि त्यांना उत्तर द्यावेच लागते.